मिकोशीकडे वरून बघायचं नसतं

नमस्कार श्रोतेहो.

जपानमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला घराबाहेर पडलात, तर जवळच्या एखाद्या बागेतून रेडिओ ऐकू येतो. पियानोवरची एक टुणटुणीत चाल, एक-दोन-तीन-चार मोजणारा आवाज, आणि त्या तालावर हात वर-खाली करणारी अख्खी वस्ती. याचं नाव ‘राजिओ ताइसो’, म्हणजे रेडिओवरचा व्यायाम. १९२८ साली हा कार्यक्रम सुरू झाला. युद्धानंतर काही वर्षं बंद पडला, आणि आज वाजते ती चाल १९५१ पासूनची. शाळकरी मुलं गळ्यात दोरीनं कार्ड अडकवून येतात. व्यायाम संपला की वस्तीतले कुणी आजोबा त्या दिवसाच्या चौकोनात शिक्का मारून देतात.

जपानमधल्या सणासमारंभांच्या छायाचित्रणावर बोला, असं सांगितल्यावर चेरीच्या फुलांपासून सुरुवात करायची सोडून मी कवायतीवर आलो. त्याला कारण आहे. कॅमेरावाल्याला हवं ते सगळं इथं फुकटात मिळतं. ऊन अजून तिरपं असतं, सावल्या लांब पडलेल्या असतात, आणि ऐंशीच्या घरातल्या आजी व सात वर्षांचा नातू एकाच क्षणी एकाच बाजूला वाकतात. शिवाय चार दिवस तुम्हीही रांगेत उभं राहून हातपाय हलवलेत, की पाचव्या दिवशी तुमच्या कॅमेऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. तिथल्या उत्सवांचे फोटो काढायचे तर आधी ठरवायचं ते हेच, की उभं कुठं राहायचं. लेन्स कुठली लावायची हा प्रश्न त्याच्या बराच नंतर येतो.

कार्यक्रम कुठं आहे हे कसं कळणार? मोठ्या उत्सवांची पत्रकं पर्यटन कचेरीत मिळतात. वस्तीतल्या कार्यक्रमांचा पत्ता वस्तीतच लागतो. जपानमध्ये जवळपास प्रत्येक मोहल्ल्याची एक रहिवासी संघटना असते, तिला ‘चोनाइकाइ’ म्हणतात. तिचा सूचनाफलक कोपऱ्यावर असतो, आणि ‘काइरानबान’ नावाची सूचनांची पाटी घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारच्या घरी पोचवायची. नाल्याची सफाई कधी, तांदूळ कुटून ‘मोची’ कधी करायची, देवाची मिरवणूक किती वाजता निघणार, सगळं त्यात असतं. देवस्थानाबाहेर वर्गणीदारांची नावं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून लावलेली दिसली, म्हणजे उत्सव तोंडावर आला समजायचं.

आता मिरवणुकीकडे येऊ. तोक्योतल्या असाकुसाचा ‘सांजा मात्सुरी’ मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस असतो. कथा अशी, की इ. स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती आली. ते दोघे भाऊ आणि मूर्तीची महती ओळखणारा गावप्रमुख, अशा तिघांचा हा उत्सव. शनिवारी ४४ मोहल्ल्यांच्या मिळून शंभरेक ‘मिकोशी’ निघतात. मिकोशी म्हणजे खांद्यावरून न्यायचं देवाचं छोटं मंदिर, आपल्या पालखीच्या नात्यातलं. पण पालखी सांभाळून, डुलत नेतात, आणि मिकोशी मुद्दाम गदागदा हलवतात. त्यानं देवाची शक्ती जागी होते, अशी श्रद्धा आहे. रविवारी देवस्थानाच्या तीन मुख्य मिकोशी बाहेर पडतात, एकेकीचं वजन टनाच्या आसपास.

अशी गर्दी बघितली की फोटोवाल्याचं मन पहिल्यांदा एखादी गच्ची शोधतं. तिथंच थांबावं. देव रस्त्यानं जात असताना त्याच्याकडे वरून बघणं अनेक ठिकाणी असभ्य मानतात. तेव्हा पादचारी पूल नको आणि पहिल्या मजल्यावरची कॉफीची खिडकीही नको. बऱ्याच ठिकाणी शिड्या, स्टुलं, ट्रायपॉड यांवर बंदी आहे. ती गर्दीसाठी आहे, पण परिणाम तोच: सगळ्यांनी जमिनीवर. मला विचाराल तर यात छायाचित्रणाचं नुकसान काहीच नाही. वरून काढलेल्या मिरवणुकीत फक्त डोकी येतात. खालून ताणलेल्या मानेच्या शिरा दिसतात, शेजारच्याच्या पाठीवर टेकलेला गाल दिसतो, घामानं काळा पडलेला ‘हान्तेन’ दिसतो. हान्तेन म्हणजे पाठीवर मोहल्ल्याचं चिन्ह असलेला आखूड डगला. तो अंगात नसेल तर खांदा द्यायला जायचं नाही, आणि खांदेकऱ्यांच्या वाटेत उलटं चालत फोटोही काढायचे नाहीत.

आणि विसावा चुकवू नका. मिकोशी मधूनमधून लाकडी घोड्यांवर टेकवतात. लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर वाजतात, सगळे थांबतात, मग बायका गार सातूचं पाणी आणि काकड्या घेऊन बाहेर येतात. दुकानदार, त्याचा मुलगा, बँकेतला साहेब फुटपाथवर फतकल मारून बसलेले असतात. ही माणसं एरवी अशी एकत्र बसत नाहीत. पुढची उचल करण्याआधी सगळे तालात टाळ्या वाजवतात, तेवढ्या वेळात चेहरे पुन्हा ताठ होतात.

याच असाकुसात हिरो किकाई नावाच्या छायाचित्रकारानं १९७३ पासून कित्येक दशकं काम केलं. हा माणूस तत्त्वज्ञान शिकलेला, ट्रक चालवलेला, ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर राबलेला. सेन्सोजी मंदिराच्या आवारात तो तासन् तास थांबायचा. गर्दीतला एखादा चेहरा मनात भरला की जाऊन बोलायचा, परवानगी घ्यायचा, त्या माणसाला देवळाच्या साध्या भिंतीपुढे उभं करायचा आणि मोजके फोटो काढायचा. उत्सवाचा झगमगाट चौकटीत येऊच द्यायचा नाही. २०२० साली तो गेला. इतक्या वर्षांत त्यानं जागा बदलली नाही, आणि तरी कुठलाही चेहरा पुन्हा तोच वाटत नाही.

परवानगीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कुणाचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय टिपला जाऊ नये, हे स्वातंत्र्य जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये मान्य केलं. क्योतोतल्या एका मोर्चात पोलिसांनी काढलेल्या फोटोवरून तो खटला झाला होता. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा ‘खटॅक्’ आवाज बंद करता येत नाही, तो चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. तसा कायदा नाही, कंपन्यांनी आपणहून पाळलेली शिस्त आहे. क्योतोच्या गिओन भागात मात्र गल्लीतल्या लोकांचा धीर सुटला. गेइको आणि माइकोंच्या, म्हणजे नृत्य-गायन करणाऱ्या कलावंतिणी आणि त्यांच्या शिकाऊ मुलींच्या, मागे लोक कॅमेरे घेऊन धावू लागले, तेव्हा २०१९ मध्ये खाजगी गल्ल्यांत फोटोबंदीचे आणि दहा हजार येन दंडाचे फलक लागले. २०२४ मध्ये अशा काही गल्ल्यांत पर्यटकांना पाऊल ठेवायलाही मनाई झाली.

शाळांच्या क्रीडादिनाला, ‘उन्दोकाइ’ला, जागेचा हाच प्रश्न घरगुती रूपात येतो. आईबाप पहाटे फाटकापाशी रांग लावायचे, मैदानाच्या कडेला निळं प्लॅस्टिक अंथरून जागा धरायचे. आता पुष्कळ शाळांत पुढची पट्टी फक्त फोटोसाठी राखून ठेवतात. ज्या इयत्तेची शर्यत, त्यांच्याच पालकांनी पुढे यायचं, शर्यत संपली की मागे व्हायचं. दुसऱ्याचं मूल दिसत असेल तो फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, अशी सूचनाही येते. मला ही व्यवस्था आवडते. भारतातल्या स्नेहसंमेलनांत अख्खा कार्यक्रम पुढच्या रांगेतल्या टॅबलेटच्या पडद्यावर बघितलेल्या कुणालाही आवडेल.

क्योतोच्या ‘गिओन मात्सुरी’बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. १७ जुलैची मिरवणूक सगळे टिपतात. सुमारे २५ मीटर उंचीचे रथ ओल्या बांबूच्या पट्ट्यांवरून घसरवत चौकात वळवतात, आणि त्या वळणावर हजारो कॅमेरे एकच फोटो काढतात. मी म्हणेन, १० तारखेलाच जा. त्या दिवसापासून रथ उभारायला सुरुवात होते. लाकडाचे सांधे खिळ्यांऐवजी गवताच्या दोरांनी आवळतात. त्या दोरांची वीण, ती आवळणारे हात, बाजूला विडी ओढत सूचना करणारे म्हातारे कारागीर, हे सगळं हातभर अंतरावरून, दिवसाउजेडी, निवांत टिपता येतं. मग १४ ते १६च्या संध्याकाळी कंदील लागतात, रथ जागेवर उभे असतात आणि त्यांचे पडदे-गालिचे जवळून बघता येतात. त्यांत सतराव्या-अठराव्या शतकांत भारतातून गेलेले गालिचेही आहेत, आणि त्यांतले काही दख्खनचे असल्याचं अभ्यासक मानतात. आपल्याकडचे गालिचे क्योतोच्या देवाच्या रथावर! फ्लॅश मात्र बंद ठेवा, जुने रंग आहेत.

ऑगस्टमधल्या ‘ओबोन’ला पितर घरी येतात, आणि त्यांच्यासाठी वस्तीवस्तीत फेर धरतात. मधे लाकडी मचाण, त्यावर ढोल, भोवती माणसांचं वर्तुळ. नवशिक्यानं शिकायला याहून सोयीचा कार्यक्रम मला ठाऊक नाही. कारण इथं कुणाच्या मागे धावावं लागत नाही. एका जागी उभं राहा, ज्या आजींच्या हाताची लकब आवडली त्या काही मिनिटांत फिरून तुमच्यासमोर येतातच. कंदिलांच्या उजेडात सेकंदाचा पंधरावा भाग एवढा शटर ठेवला, की चेहरा बऱ्यापैकी स्थिर आणि युकाताच्या, म्हणजे उन्हाळी सुती किमोनोच्या, बाह्या पुसट येतात. दोनचार फेऱ्यांनंतर कुणीतरी आत ओढतंच. तेव्हा कॅमेरा पाठीवर टाकायचा आणि जायचं.

काही ठिकाणी तो पिशवीतूनच काढायचा नसतो. ओकिनावाच्या मुख्य बेटाच्या नैर्ऋत्येला याएयामा बेटांवर ‘आकामाता-कुरोमाता’ नावाचे मुखवटेधारी देव सुगीला येतात. त्यांचा फोटो नाही, ध्वनिमुद्रण नाही, चित्रही काढायचं नाही. नाराच्या कासुगा देवस्थानात ११३६ पासून चालत आलेला ‘ओन-मात्सुरी’ आहे. १७ डिसेंबर उजाडण्याआधी, ऐन मध्यरात्री, देवाला मूळ स्थानावरून हलवतात, तेव्हा सगळे दिवे मालवलेले असतात. टॉर्च नाही, मोबाइल नाही, कॅमेरा नाही. ‘साकाकी’ या पवित्र सदाहरित झाडाच्या फांद्या हातात धरलेले पुजारी ‘ओऽऽ’ असा स्वर लावत जवळून जातात आणि तुम्हाला तो फक्त ऐकू येतो. रेडिओवाल्याला याचा मत्सर वाटेल.

उलट्या बाजूची एक गोष्ट. इवाते प्रांतातल्या कोकुसेकिजी मंदिराचा, हजार वर्षांहून जुना मानला जाणारा उत्सव फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटचा झाला. कडाक्याच्या थंडीत लंगोटीवर पुरुष झोंबत, आणि एका पवित्र पिशवीसाठी झटापट होई. बघ्यांची वाण नव्हती. रात्रभर तयारी करणारी घरं म्हातारी झाली होती, आणि त्यांची जागा घ्यायला कुणी उरलं नव्हतं. जपानच्या खेड्यांत आज ही अवस्था जागोजागी आहे. तेव्हा अशा गावी गेलात तर फोटो काढण्याआधी विचारा, खुर्च्या कुणी उचलायच्या? आणि काढलेल्या फोटोंच्या प्रती छापून त्यांच्या सभागृहात पाठवा. तिथं त्या भिंतीवर लागतात, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी परकं समजत नाही.

जाता जाता गणेशभक्तांसाठी एक पत्ता. असाकुसाजवळच ‘मात्सुचियामा शोदेन’ नावाचं मंदिर आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपल्या गणपतीचंच बौद्ध रूप. मूर्ती गुप्त, भक्तांना दाखवत नाहीत, तेव्हा फोटोचा प्रश्नच मिटला. पण देवाला वाहतात पांढरे लांब मुळे, आणि ७ जानेवारीला मुळ्यांचा उत्सव असतो. वाहिलेले मुळे शिजवून, वर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, घालून आलेल्या सगळ्यांना वाटतात. थंडीत रांग लावलेली माणसं, वाटीतून निघणारी वाफ, चौकट आयती आहे. काढा एखादा फोटो. मग तो मुळा गरम आहे तोवर खाऊन घ्या आणि वाटी परत द्या, मागच्यांना लागते.

नमस्कार.