दोन चालींच्या मधला वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतला फुटबॉल टीव्हीवर लागला की आपल्याकडची माणसं दोन मिनिटांत चॅनेल बदलतात. त्यांचं काही चुकत नाही. हेल्मेट घातलेली बावीस धिप्पाड पोरं समोरासमोर वाकून उभी राहतात, कुणीतरी ओरडतं, धडक होते, पाच-सहा सेकंदांत ढीग पडतो आणि शिट्टी वाजते. मग सगळे उठतात, घोळका करून कुजबुजतात आणि पुन्हा येऊन वाकतात. पुढची चाल सुरू करायला नियमानंच चाळीस सेकंदांपर्यंत मुभा असते. सामना म्हणायला 60 मिनिटांचा, पण चालतो तीन तासांच्या आसपास, आणि त्यातला बराचसा वेळ मैदानावर काहीच चाललेलं नसतं.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं मिनेसोटा राज्यात काढली. तिथल्या एका लहान कॉलेजच्या मैदानावर मी हा खेळ बघायला लागलो आणि माझं मत असं झालं, की बघण्यासारखं जे काही आहे ते या रिकाम्या वेळातच आहे. तो वेळ कोण भरून काढतंय, एवढाच काय तो प्रश्न.

मोठ्या विद्यापीठांत तो टीव्ही भरतो. ॲन आर्बरचं मिशिगन स्टेडियम घ्या. 1,07,601 माणसांची सोय. तिथे जाहिराती लागल्या की खेळाडू मैदानात नुसते ताटकळत उभे असतात. टीव्हीचा माणूस हिरवा कंदील दाखवेपर्यंत पंचसुद्धा चेंडू खेळात आणत नाही. तोवर भल्यामोठ्या पडद्यावर चित्रं आणि कर्ण्यांतून संगीत. एकदा बघावं असं ते आहेच, नाही म्हणत नाही. पण शेजारच्याशी दोन वाक्यं बोलायची तर त्याच्या कानात ओरडावं लागतं.

मी सांगतोय ते मैदान कॉलेजव्हिलचं. मिनेसोटातल्या मिनिआपोलिस शहराहून वायव्येला साधारण 130 किलोमीटर. इथे बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथाचा मठ आहे, 1856 सालचा, आणि मठानंच सुरू केलेलं सेंट जॉन्स विद्यापीठ. विद्यापीठ म्हणायचं, पण मुलं दीड हजाराच्या आसपास. पदवीच्या वर्गांना सगळे मुलगेच. मुलींचं सेंट बेनेडिक्ट कॉलेज सहा-सात किलोमीटरवर, शेजारच्या गावात. दोन्हीकडचे वर्ग एकत्र भरतात आणि मधे बस धावते. भोवती मठाचीच अडीच हजार एकरांहून जास्त जमीन, त्यात तळी आणि जंगल. मठाचं चर्च मार्सेल ब्रॉयर या वास्तुकारानं बांधलेलं, 1961 मध्ये पुरं झालेलं. त्याच्यासमोर घंटांसाठी उभारलेली काँक्रीटची प्रचंड भिंत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती जलविद्युत प्रकल्पाचा भाग वाटली होती.

क्लेमेन्स स्टेडियम याच आवारात आहे. बसायची सोय साडेसात हजारांची. दीड हजार मुलांच्या कॉलेजला साडेसात हजार जागा कशाला, असं वाटेल. पण त्या भरतात! अमेरिकेत कॉलेजांचे खेळ तीन श्रेणींत चालतात आणि तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे इथला मुलगा स्वतःची फी भरून, रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल सांभाळून मार खायला मैदानात उतरतो. या श्रेणीत प्रेक्षकांच्या गर्दीत सेंट जॉन्सचा नंबर वर्षानुवर्षं पहिला लागत आलाय.

सामना शनिवारी दुपारी, बहुतेक वेळा एकला. पण माणसं सकाळपासूनच जमतात. गाड्या ओळीनं लावायच्या, मागचं दार वर करायचं, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, शेगडी पेटवायची. याला टेलगेटिंग म्हणतात. हा सगळा भाग जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांनी वसवलेला, त्यामुळे शेगडीवर ब्राटवुर्स्ट, म्हणजे जाडजूड जर्मन सॉसेज. मला इथे घेऊन येणारा माझा शेजारी निवृत्त दूधवाला शेतकरी. तो ते सॉसेज आधी बिअरमध्ये कांदा घालून उकळायचा आणि मग निखाऱ्यावर भाजायचा. माझ्यासाठी मक्याची कणसं आणायचा. त्याला मी लिंबू आणि तिखट-मीठ चोळायला शिकवलं, तेव्हा आजूबाजूच्या चार गाड्यांची माणसं हातात कणसं घेऊन आली. कुठली गाडी कुठे लावायची, हे इथे वर्षानुवर्षं ठरलेलं. जागा कुणाच्या नावावर नसते, पण दुसऱ्यानं लावली तर भुवया उंचावतात.

मैदान निसर्गानंच केलेल्या खोलगट जागेत आहे आणि भोवताली पाइनची झाडं. जत्रेत कुस्त्यांचा फड टेकडीच्या पायथ्याशी भरतो आणि माणसं उतारावर बसतात, त्याची आठवण हमखास येते. वरून खाली मैदान दिसतं आणि खालचा आवाज वर येतो. टीव्हीवर न कळणारी गोष्ट इथे कळते. खांद्याच्या पॅडवर पॅड आदळल्याचा आवाज कोरडा असतो, फळीवर फळी आपटावी तसा. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल सुरू करून देणाऱ्या खेळाडूच्या, आरोळ्या ऐकू येतात. प्रशिक्षकानं पोराला हासडलेली शिवीसुद्धा कधीकधी ऐकू येते, आणि मग दोन रांगा पुढे बसलेले काळ्या झग्यातले संन्यासी एकमेकांकडे बघून हसतात.

आता मोजमापाच्या साखळीची गोष्ट. नियम असा, की चार चालींत चेंडू दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरहून थोडा जास्त, पुढे न्यायचा. नेला तर आणखी चार चाली, नाहीतर चेंडू समोरच्यांना. हे दहा यार्ड मोजायला कडेला दोन खांब असतात आणि दोन्ही खांबांना बांधलेली बरोबर दहा यार्डांची लोखंडी साखळी. खांब धरायला आसपासचीच माणसं. चेंडू पुरेसा पुढे गेला की नाही याची शंका आली, की पंच हात हलवतात आणि ही माणसं साखळी घेऊन लगबगीनं मैदानात जातात. साखळीवर एक चिमटा लावलेला असतो. तो चिमटा मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर धरायचा, म्हणजे जागा चुकत नाही. मग पुढचा माणूस साखळी ताणतो. सगळं स्टेडियम गप्प. पंच वाकून बघतो आणि दोन बोटांत फट दाखवतो, एवढं कमी पडलं. इतका वेळ गप्प असलेली माणसं मग एकदम तोंड सोडतात. व्यावसायिक लीगनं 2025 पासून हे मोजमाप कॅमेऱ्यांवर सोपवलंय. अचूक असेलही. पण कॅमेऱ्याशी भांडता येत नाही.

या मैदानाबद्दल बोलायचं आणि जॉन गॅलार्डींबद्दल नाही, हे शक्य नाही. 1953 ते 2012, साठ हंगाम ते इथे प्रशिक्षक होते. प्रशिक्षकी सुरू केली वयाच्या सोळाव्या वर्षी, कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावात. शाळेचे प्रशिक्षक 1943 मध्ये युद्धावर गेले आणि पोरांनी यालाच पुढे केलं. ज्या गोष्टींचा स्वतःला राग यायचा त्या त्यांनी बंद करून टाकल्या. सरावात एकमेकांना पाडायचं नाही. शिट्टी नाही. पाणी हवं तेव्हा प्यायचं, तेही अशा काळात, जेव्हा तहान सोसणं म्हणजे मर्दुमकी समजली जायची. सराव दीड तासाच्या आत आटपायचा. ‘कोच’ अशी हाक मारायची नाही, नुसतं जॉन. व्यायामाची खिल्ली म्हणून त्यांच्याकडे एक प्रकार होता. मुलांनी गवतावर उताणं पडायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, “काय छान दिवस आहे, नाही?” झाला व्यायाम!

हसू येतं, पण याच पद्धतीनं त्यांनी 489 सामने जिंकले. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कुठल्याच प्रशिक्षकाच्या नावावर नाहीत, मोठ्या विद्यापीठांतल्यासुद्धा. चार राष्ट्रीय विजेतेपदं, 1963, 1965, 1976 आणि 2003. नोव्हेंबर 2003 मध्ये एडी रॉबिन्सन या दुसऱ्या कॉलेज प्रशिक्षकाचा 408 विजयांचा विक्रम त्यांनी याच मैदानावर मोडला. 2018 मध्ये वयाच्या 91व्या वर्षी ते गेले. माझा शेजारी त्यांच्याविषयी घरातल्या चुलत्याविषयी बोलावं तसा बोलायचा. आदर होता, पण सामन्यात कुठे चुकले त्याची यादीही पाठ होती.

त्यांचा आणखी एक नियम होता. संघात यायची इच्छा असलेल्या कुणालाही बाहेर काढायचं नाही. त्यामुळे घरच्या सामन्याला लाल जर्सीतली पोरं कडेला लांबच लांब उभी दिसतात. मैदानात एका वेळी अकराच. बाकीच्यांतले कित्येक महिनोन्‌महिने एकाही चालीत नसतात. त्यांचे आईबाप मात्र दोन-तीन तास गाडी चालवून येतात. मग चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या पावभागात, चाळीसेक गुणांची आघाडी झाल्यावर, तिसऱ्या फळीतली मुलं आत जातात. इतर प्रेक्षक एव्हाना गाडीच्या किल्ल्या चाचपत असतात. नेमकी त्याच वेळी कुठल्यातरी रांगेतली एक आई उठून उभी राहते आणि हातातला फोन थरथरत असतानाच शूटिंग करायला लागते. पोरगा तीन सेकंद कुणालातरी ढकलतो. मला विचाराल तर सामन्याचा सर्वांत चांगला भाग हाच. निकाल ठरल्यावर लगेच उठणाऱ्या माणसांना तो कधीच दिसत नाही.

मात्र खेळाचा हा छोटेखानीपणा आपोआप टिकत नाही, त्यावरून भांडणंही होतात. सेंट जॉन्सचा जुना वैरी म्हणजे सेंट पॉल शहरातलं सेंट थॉमस विद्यापीठ. दोघांचा पहिला सामना 1901 मधला. 2015 मध्ये हा सामना कॉलेजव्हिलला झाला, तेव्हा 17,327 माणसं आली. साडेसात हजारांच्या मैदानात! उतारावर, झाडांखाली, मिळेल तिथे माणूस. दोन वर्षांनी तोच सामना मिनिआपोलिसच्या बेसबॉल स्टेडियममध्ये झाला आणि 37,355 प्रेक्षकांनी तिसऱ्या श्रेणीचा विक्रम केला. पण त्याच 2017 साली सेंट थॉमसनं सेंट ओलाफ या छोट्या कॉलेजला 97 विरुद्ध 0 असं हरवलं. बाकीची कॉलेजं वैतागली. विद्यार्थीसंख्या कितीतरी जास्त असलेल्या संस्थेशी आमच्या पोरांनी किती काळ झुंजायचं, हा त्यांचा प्रश्न. 2019 मध्ये या कॉलेजांच्या संघटनेनं सेंट थॉमसला बाहेरचा रस्ता दाखवला. सेंट थॉमसनंही मग मागे वळून पाहिलं नाही. 2021 मध्ये ते तिसऱ्या श्रेणीतून थेट पहिल्या श्रेणीत गेले.

मला तो निर्णय पटला नाही. 97-0 हे लाजिरवाणं आहेच, पण शंभर वर्षांहून जुनं वैर असं बैठकीत ठराव करून संपवायचं? शेजाऱ्याचं म्हणणं अधिक व्यवहारी होतं. “गाय आजारी पडली तर दुसरी आणता येते. आता दुश्मन कुठून आणू?”

तर श्रोतेहो, तुमची लेक, मुलगा किंवा भाचा मिनिआपोलिसच्या बाजूला असेल, आणि हल्ली कुणाचं ना कुणाचं असतंच, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे गेल्यावर एक शनिवार मोकळा ठेवा. गणपतीही साधारण त्याच दिवसांत येतात, तेवढी तारीख आधी जुळवून घ्या. आंतरराज्य मार्ग 94 धरायचा, मेपलची पानं लाल व्हायला लागली असतील तर वाटेत थांबायचं, आणि अकराच्या आत पोचायचं, म्हणजे गाडी लावायला जागा मिळते. बाक ॲल्युमिनियमचे आहेत, घडी घातलेली शाल खाली घ्या. नोव्हेंबरात गेलात तर एक शाल पुरणार नाही, दोन न्या. निघताना मठाचा जॉनी ब्रेड मिळाला तर नक्की घ्या. गडद रंगाचा, भरड धान्याचा, चांगला जड असतो, आणि त्यावर लोणी आणि आपला लसणीचा ठेचा झकास लागतो. नमस्कार.