पुढची तारीख

दृश्य : पहाट. डॉकयार्ड रोड स्टेशनचा जिना. गर्दी खाली उतरते आहे.

निवेदन :
हार्बर लाइनवरचं डॉकयार्ड रोड स्टेशन उंचावर आहे. गाडीतून उतरायचं, मग जिना उतरायचा, आणि मग समुद्राच्या दिशेनं चालू लागायचं. पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा. एके काळी ही माणसं घोडपदेव, माझगाव, लालबागच्या चाळींतून चालत कामावर यायची. आता पनवेल, बदलापूर, विरारहून येतात. वेळ गाठायची म्हणून घरातून काळोखातच निघतात.

जवळच पी. डिमेलो रस्ता आहे. जुनं नाव फ्रिअर रोड. गोदी कामगारांच्या एका पुढाऱ्याचं नाव मुंबईनं बंदराला लागून जाणाऱ्या या मोठ्या रस्त्याला दिलं. पाटी रोज दिसते, पण हा माणूस कोण होता हे आज किती जणांना सांगता येईल?

आपण बोलणार आहोत एका कागदाबद्दल. जहाज बांधणारे कामगार आणि त्यांचा मालक यांच्यात होणारा वेतनकरार. या करारांच्या बातमीत टक्का असतो. किती टक्के वाढ मिळाली, युनियननं किती मागितली होती, मॅनेजमेंट कितीवर आली. माझं म्हणणं असं आहे, की टक्क्याइतकीच, कधी कधी टक्क्याहून जास्त, तारीख महत्त्वाची असते. करार कधीपासून लागू, आणि सही कधी झाली. या दोन तारखांच्या मधल्या काळात कामगाराचं आयुष्य चालू असतं.

दृश्य : जुनी चित्रं. सागवानी जहाजं, मुंबईची गोदी.

निवेदन :
जहाजं बांधणं हा या शहराचा फार जुना धंदा. लवजी नुसरवानजी वाडिया सुरतेहून इथे आले ते अठराव्या शतकात, 1730 च्या दशकात. त्यांच्या घराण्यानं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज 1817 मध्ये मुंबईच्या पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं टिकलेलं काम. वाडियांची नावं इतिहासात आहेत, ती असायलाच हवीत. पण ज्या सुतारांनी त्या फळ्या तासल्या, त्यांना रोज काय मिळत होतं?

माझगावला 1934 मध्ये माझगाव डॉक ही जहाज बांधणारी कंपनी स्थापन झाली, 1960 मध्ये ती सरकारनं घेतली, आणि 1972 मध्ये तिथे बांधलेली ‘नीलगिरी’ ही युद्धनौका नौदलात दाखल झाली. तोवर लाकूड जाऊन पोलाद आलं होतं. सुताराच्या जागी वेल्डर, फिटर, रिगर, पाइप फिटर, गॅस कटर आले.

दृश्य : जहाजाचा तळ. अंधार, वेल्डिंगच्या ठिणग्या, ब्लोअरचा आवाज.

निवेदन :
जहाजाच्या तळाशी दोन पत्र्यांच्या मध्ये पोकळी असते. कामगार तिला डबल बॉटम म्हणतात. आत जायचं भोक एवढंसं, की खांदे तिरके केल्याशिवाय माणूस शिरत नाही. आत उभं राहता येत नाही. गुडघ्यावर किंवा पाठीवर पडून वेल्डिंग करायचं. आत जाण्याआधी गॅस तपासायचा, परमिट घ्यायचं, हवेचा पाइप सोडायचा. तोंडाशी एक माणूस सतत बसलेला असतो. आतल्याला हाक मारत राहणं आणि ओ आली का ते ऐकणं, एवढंच त्याचं काम. मे महिन्यात बाहेरचा पत्रा हात लावू देत नाही, आत तर विचारायलाच नको.

हे पाहिल्यावर मागणीपत्र वेगळं वाचता येतं. युनियनच्या मागणीपत्रात पहिल्या पानावर मूळ पगार आणि महागाई भत्ता असतो. मागच्या पानांवर बारीक बारीक कलमं असतात. बंदिस्त जागेत कामाचा भत्ता. उंचावर कामाचा भत्ता. बूट किती महिन्यांनी बदलायचे. कपडे धुण्याचे पैसे. रात्रपाळीला गरम जेवण. बाहेरच्या माणसाला ही कलमं किरकोळ वाटतात. बूट कधी बदलायचे हे कलम मात्र ठिणग्यांनी भोकं पडलेल्या बुटांतून आलेलं असतं, आणि ते लिहिणाऱ्यानं ते बूट घातलेले असतात.

दृश्य : घरातली जुनी वही. पिवळी पडलेली पानं.

निवेदन :
ही माझ्या बाबांची वही. ते मुंबईतल्या एका जहाज कारखान्यात वेल्डर होते आणि काही वर्षं युनियनच्या कमिटीवर होते. प्रत्येक बैठकीनंतर ते घरी येऊन दोन ओळी लिहायचे. कोण आलं होतं, काय बोलणं झालं. पानामागून पान शेवटची ओळ एकच आहे : ‘पुढची तारीख मिळाली.’

कधी साहेब दिल्लीला गेलेले. कधी आकडेमोड तपासायची राहिलेली. एकदा नुसतंच लिहिलंय, ‘चहा झाला. पुढची तारीख.’

जुना करार संपला त्या डिसेंबरात बाबांच्या निवृत्तीला वर्षाहून थोडे जास्त महिने उरले होते. नवा करार झाला तोवर ते घरी बसून नऊ महिने झाले होते. आई विचारायची, ‘अहो, झालं का तुमचं?’ बाबा म्हणायचे, ‘होईल गं, आता शेवटच्या टप्प्यात आहे.’ शेवटचा टप्पा दोन गणपती चालला.

आता हिशोब बघा. समजा, पगारात महिन्याला 5,000 रुपयांची वाढ ठरली आणि सही व्हायला 30 महिने लागले. थकबाकी होते दीड लाख. ती मिळते, हातात एकदम रक्कम येते, गेटवर पेढे वाटले जातात. पण त्या 30 महिन्यांत मुलीच्या कॉलेजची फी पतपेढीचं कर्ज काढून भरलेली असते, आणि त्या कर्जाचं व्याज करारात कुठेच नसतं. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते : पगाराला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. 35 वर्षं नोकरी झालेल्या माणसाला त्याच 5,000 च्या वाढीमुळे एक लाखाच्या आसपास फरक पडतो, कायद्यानं ठरवलेली कमाल मर्यादा आड आली नाही तर. सही आधी झाली असती तर हे पैसे निवृत्तीच्या दिवशी मिळाले असते. नंतर झाली तर अर्ज, हमीपत्र, आणि ज्या गेटमधून माणूस आयुष्यभर आत गेला, त्याच गेटवर पाहुण्याचा पास.

बाबांसोबतच्या दोघांचे पैसे त्यांच्या बायकांनी सही करून घेतले. वहीत त्यांची नावं आहेत. ती मी इथे वाचत नाही.

दृश्य : मीटिंग हॉल. लांब टेबल, रिकाम्या खुर्च्या.

निवेदन :
उशीर का होतो? माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. करार संपला तरी जुन्या अटी संपत नाहीत. नवा करार येईपर्यंत त्याच चालू राहतात. सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या खटल्यात हे तत्त्व ठामपणे मांडलं, आणि ते कामगारांच्या बाजूनं होतं. मुदत संपली म्हणून कामगाराला मिळतं ते मालकाला काढून घेता येऊ नये, हा त्याचा अर्थ. ही ढाल हवीच. पण तिची दुसरी बाजूही आहे. जुन्या पगारात काम चालू राहत असेल, तर सही करण्याची घाई फक्त एकाच बाजूला असते.

सरकारी कंपन्यांत आणखी एक गाठ असते. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या साहेबालाही हात मोकळे नसतात. दिल्लीच्या सार्वजनिक उपक्रम विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. 1 जानेवारी 2017 पासूनच्या कामगार करारांसाठीची तत्त्वं निघाली 24 नोव्हेंबर 2017 ला. म्हणजे बोलणी सुरू व्हायच्या आधीच जवळजवळ अकरा महिने गेले. वाढीचा पैसा कंपनीनं स्वतःच्या कमाईतून द्यायचा, सरकार देणार नाही, अशी अटही त्यात आहे. जहाज कारखान्याची कमाई ऑर्डरवर आणि बांधणीच्या टप्प्यांवर चालते. टप्पा पूर्ण झाला की पैसे येतात. म्हणून जहाज पाण्यात उतरायची वेळ जवळ येते तेव्हा युनियनच्या शब्दाला वजन येतं, आणि यार्ड रिकामं असताना तोच शब्द हवेत विरतो. कमिटीतल्या जुन्या माणसांना हे पाठ असतं.

बंदराचं उदाहरण ताजं आहे. देशातल्या मोठ्या बंदरांच्या कामगारांनी 28 ऑगस्ट 2024 पासून बेमुदत संपाची हाक दिली होती. मुंबई बंदरही त्यात होतं. संप ऐनवेळी टळला, 8.5 टक्क्यांवर समझोता झाला. कराराचा काळ : 1 जानेवारी 2022 ते 31 डिसेंबर 2026. तारखा पुन्हा एकदा ऐका. पाच वर्षांचा करार ठरला तेव्हा त्यातली अडीच वर्षं उलटून गेली होती.

दृश्य : दुसरं गेट. वेगळ्या रंगाचे पास.

निवेदन :
ज्यांच्यासाठी कुठलीच तारीख नसते, तेही याच डबल बॉटममध्ये शिरतात. कंत्राटदाराचे कामगार. तोच पत्रा, तीच मशीन, तोच धूर. कंत्राटी कामगारांबद्दलच्या 1971 च्या केंद्रीय नियमांत अट होती, की काम तेच असेल तर मजुरीही तीच. कागदावर ती अट स्वच्छ होती. पण करारावर सही होते तेव्हा त्यांच्या वतीनं टेबलावर बहुतेकदा कोणी नसतं. कायम कामगारांच्या युनियननं त्यांना सोबत घ्यायला हवं होतं. काही ठिकाणी घेतलं, पुष्कळ ठिकाणी नाही. बाबांच्या वहीत त्यांचा उल्लेख एकदाच आहे, आणि तोही कॅन्टीनच्या संदर्भात. मला हे सांगताना वाईट वाटतं, पण वगळणं बरोबर नाही.

आता खेळाचे नियमही बदलले आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील आणि बोलणी करण्याचा एकट्याचा हक्क हवा असेल तर युनियनकडे 51 टक्के कामगार हवेत. संपाची नोटीस 14 दिवस आधी द्यायची, आणि सरकारच्या समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी सुरू असेपर्यंत संप करायचा नाही. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच. म्हणजे तारीख पे तारीख चालू असताना गप्प बसणं सोडून कामगारानं काय करायचं, याची वाट आणखी अरुंद झाली.

दृश्य : संध्याकाळ. युनियनचं ऑफिस. ट्यूबलाइट, स्टीलचं कपाट, टेबलावर कागद.

निवेदन :
बंदरांचा करार 31 डिसेंबर 2026 ला संपतो. ज्या सरकारी कारखान्यांनी 1 जानेवारी 2017 पासून दहा वर्षांचा करार धरला, त्यांचाही त्याच दिवशी. म्हणजे सगळ्यांची नवी तारीख एकच : 1 जानेवारी 2027.

या टेबलावर पाच जण बसले आहेत. नव्या मागणीपत्राचा कच्चा खर्डा समोर आहे. सगळ्यात धाकटा वेल्डर तीस वर्षांचाही नाही. तो पहिल्या पानावरचा टक्का वाचत नाही. पानं उलटत बुटांच्या कलमापाशी थांबतो, पेन मागून घेतो आणि ‘बारा महिने’ खोडून ‘सहा’ लिहितो. मग समासात आणखी एक ओळ घालतो : ‘कंत्राटी कामगारांनाही लागू.’ शेजारचे काका चष्मा वर करून ती वाचतात. थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग काका म्हणतात, ‘राहू दे. आणि तारीख घाल खाली.’