कारंज्यापाशी उभा असलेला माणूस

(दृश्य: फॉकलंडचा चौक, संध्याकाळ, कारंजं)

हे फॉकलंड. स्कॉटलंडच्या फाइफ भागातलं छोटंसं गाव, दगडी घरं, मधे चौक, चौकात हे कारंजं आणि कारंज्यासमोर हे हॉटेल. खरं इन्व्हर्नेस इथून बरंच उत्तरेला आहे, पण 'आउटलँडर' ही कालप्रवासाची मालिका बघितलेल्या माणसाला ते सांगून काही उपयोग नाही. त्याच्यासाठी हेच 1945 चं इन्व्हर्नेस, हेच मिसेस बेअर्डचं गेस्टहाऊस, आणि ही बरोबर ती जागा, जिथे तो उभा होता.

तो कोण होता, हे आज सगळ्या फॅन्सना माहितीये. तो तिथे कसा आला, हे भांडण मात्र 9 ऑगस्ट 2014 ला पहिला एपिसोड आला तेव्हापासून चालूच आहे.

(दृश्य: हॉटेलची वरची खिडकी, आत दिवा)

सीन आठवतोय ना? रात्र, वादळ, धो धो पाऊस. वर खोलीत मालिकेची नायिका क्लेअर केसांतला गुंता सोडवत बसलीये, ब्रश केसांत अडकतोय, ती वैतागलीये. खाली रस्त्यावर तिचा नवरा फ्रँक परत येतोय आणि त्याला दिसतं की कारंज्यापाशी एक उंच माणूस हायलँडरच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या माणसाच्या, वेषात उभा राहून वर, त्याच्याच बायकोच्या खिडकीकडे बघतोय. फ्रँक जवळ जातो, काही मदत हवी का विचारतो. तो माणूस वळतो, फ्रँकला अगदी खेटून निघून जातो, इतका जवळून की बाही बाहीला घासायला हवी होती, पण फ्रँकला काहीच जाणवत नाही. वळून बघतो तर रस्ता रिकामा.

चेहरा आपल्याला दाखवतच नाहीत. आम्ही तो सीन कितीतरी वेळा पॉज करून बघितला.

मूळ कादंबऱ्यांच्या लेखिका डायना गॅबाल्डन यांनी केव्हाच सांगून टाकलंय की हे भूत जेमी फ्रेझरचंच, म्हणजे क्लेअरच्या अठराव्या शतकातल्या नवऱ्याचंच आहे, आणि भूत दिसतं तेव्हाचं त्याचं वय साधारण 25. कसा आला, का आला, ते शेवटच्या पुस्तकात. झालं, एवढ्या माहितीवर फॅन्सचे दोन तट पडले. एक गट म्हणतो की जेमी कधीतरी, कसातरी, काळ ओलांडून नेणाऱ्या उभ्या दगडांतून पलीकडे आला असणार, म्हणजे तो जिवंत माणूस होता. दुसरा गट म्हणतो की नाही, ते भूतच आहे. आम्ही दुसऱ्या गटातले आहोत, हे आधीच सांगून टाकतो.

(दृश्य: किनलॉक रॅनॉकजवळची टेकडी, वारा)

ही क्रेग ना डूनची टेकडी, मालिकेत ते दगड जिथे आहेत ती, म्हणजे शूटिंग झालं ती. वर एकही दगड दिसत नाहीये, कारण दगड सेटचे होते, हलक्या मटेरियलचे बनवलेले, शूटिंग संपल्यावर उचलून नेले. खरे उभे दगड बघायचे तर कलोडनच्या जवळ क्लाव्हा केर्न्सला जायचं.

(दृश्य: क्लाव्हा केर्न्स, फाटलेला दगड)

हे बघा. साधारण चार हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे ही. या उभ्या फाटलेल्या दगडापाशी येऊन लोक हात लावून बघतात, आम्हीपण लावला, गार होता. मालिकेत क्लेअरने हात लावला आणि ती 1743 मध्ये पोचली, आणि जेमी तिला दुसऱ्या सीझनच्या शेवटी परत पाठवायला आणतो तेव्हा तोही हात लावतो, पण त्याला साधी गुणगुणसुद्धा ऐकू येत नाही. दगड त्याला घेतच नाहीत. पहिल्या गटाच्या थिअरीला इथेच मोठा खड्डा आहे, पण तेवढ्यावर थांबायला नको, कारण या मालिकेत "हा इथला नाहीच" असं कळण्याची एक ठरलेली पद्धत आहे, आणि ती एकदा दिसली की कारंज्याचा सीन वेगळाच दिसायला लागतो.

पहिलं उदाहरण गेलिस डंकन. हे नाव खऱ्या इतिहासातलं आहे. ट्रॅनेंट गावातली मोलकरीण, नॉर्थ बेरिकच्या चेटकीण खटल्यांत सापडली आणि 1591 मध्ये मारली गेली. मालिकेतली गेलिस ही तिच्यानंतर दीडशे वर्षांनी त्याच नावाने वावरतेय, जडीबुटी ओळखते, आणि तिच्यावरही चेटूक केल्याचा खटला चालतो. भर खटल्यात ती कपडा फाडून दंडावरची खूण दाखवते. जमलेल्या लोकांना ती सैतानाची खूण वाटते, पण क्लेअरला कळतं की हा देवीच्या लसीचा व्रण आहे, तिच्या स्वतःच्या दंडावर तसाच आहे. जेन्नरची लस आली 1796 मध्ये, आणि खटला चाललाय 1743 च्या आसपास! ही बाई जिलियन एडगर्स, 1968 मधून आलेली. त्या व्रणावर कॅमेरा दोन-तीन सेकंद थांबतो, आणि तोपर्यंत गेलिस जे जे बोलली ते सगळं आपल्या डोक्यात उलटं फिरून येतं.

पुढे तिसऱ्या सीझनमध्ये, क्लेअर बॉस्टनला डॉक्टर असताना, तिचा मित्र जो अ‍ॅबरनथी तिच्यापुढे कॅरिबियनमधल्या एका गुहेत सापडलेली जुनी हाडं ठेवतो. क्लेअर हाड हातात घेते आणि म्हणते, हिचा खून झालाय. जो चकित होतो, कारण मान जवळजवळ तुटलेली आहे हे त्याने तिला अजून सांगितलेलंच नसतं. त्याच सीझनच्या शेवटी, दोनशे वर्षं मागे, त्याच गुहेत क्लेअरच्या हातून गेलिस मरते. मान तुटून. म्हणजे क्लेअरने आधी हाडं हातात धरली आणि खून नंतर केला. आमच्या मते या पूर्ण मालिकेतला हा सगळ्यात हुशार धागा आहे, आणि त्याबद्दल लोक फार कमी बोलतात.

(दृश्य: जंगलात पाऊस, झाडाची उघडी मुळं)

चौथ्या सीझनमध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलात क्लेअर वादळात वाट चुकते, एका झाडाखाली आसरा घेते आणि तिथे तिला एक कवटी सापडते, सोबत एक ओपल. रात्री तिला समोर मशाल घेतलेला एक माणूस दिसतो, डोक्याला भयंकर जखम. सकाळी ती कवटी नीट निरखते तर जखम त्याच जागी, आणि दाढेत चांदीचं फिलिंग. अठराव्या शतकातल्या कवटीत. हा ऑटर टूथ नावाचा मूळ अमेरिकन, तोही 1968 च्या काळातून आलेला, आपल्या लोकांची जमीन वाचवायला. भूतपण तोच आणि लपलेला प्रवासीपण तोच. बरं, इथे मालिकेने स्वतःच कबूल करून टाकलं की आपल्या या जगात भुतं आहेत. बाकी सगळं कालप्रवासाने सुटतं पण ते मशालीवालं दृश्य सुटत नाही.

व्रण, हाड, फिलिंग. आता चौथी खूण, जिच्यावर सध्या सगळ्यात जास्त रान पेटलंय.

(दृश्य: रिकामी दगडी खोली, उंच खिडकीतून उजेड)

पॅरिस, 1744. क्लेअरला मृत मुलगी होते, नाव फेथ. ती त्या बाळाला कुशीत घेऊन गाणं म्हणते, समुद्रकिनाऱ्याच्या मजेचं एक जुनं इंग्लिश गाणं. हा सीन दुसऱ्या सीझनमधला, 2016 चा. मग थेट 2025 चा जानेवारी, सातव्या सीझनचा शेवट. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा काळ, फॅनी नावाची एक अनाथ मुलगी क्लेअरच्या घरात गुणगुणतेय, आणि क्लेअर जागच्या जागी थिजते, कारण गाणं तेच आहे. फॅनी म्हणते आईने शिकवलं. फॅनीकडे लॉकेट आहे, आईचं चित्र आहे, नाव फेथ.

ते गाणं लिहिलं गेलं 1907 मध्ये.

म्हणजे सव्वाशे वर्षं आधी कुणाच्या तोंडी ते असूच शकत नाही, ते फक्त क्लेअरकडूनच आलेलं असणार. मग बाळ जगलं? कुणी जगवलं? इथे सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, मास्टर रेमंड, पॅरिसमधला तो बुटका औषधवाला, ज्याने त्याच हॉस्पिटलमध्ये चोरून येऊन क्लेअरला नुसत्या हातांनी बरं केलं होतं. तो स्वतःपण फार जुन्या काळातून आलेला प्रवासी आहे, हे लेखिकेने सांगितलंय. आणि सातव्या सीझनच्या शेवटी तो क्लेअरच्या स्वप्नात येऊन माफी मागतो. कशाची माफी? फॅन्सनी यावर रात्री जागवल्यात आणि त्यात काही वेडेपणा नाही, हे लक्ष देऊन बघणं आहे. हां, तान्ह्या बाळाला गाणं कसं लक्षात राहील हा प्रश्न राहतोच, आमच्या मते ते नंतर रेमंडनेच तिच्यापर्यंत पोचवलं असणार.

(दृश्य: पुन्हा फॉकलंड, रात्र, ओले दगड)

आता परत या कारंज्यापाशी.

जो जो माणूस काळ ओलांडून आला त्याच्याजवळ काहीतरी राहिलंच. दंडावर, दाढेत, हाडात, नाहीतर जिभेवर. बनाव कितीही पक्का असला तरी शरीर चुगली करतं. आणि कारंज्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला शरीरच नाही. फ्रँकच्या बाहीला तो लागत नाही. लेखक-दिग्दर्शकांना तो जिवंत प्रवासी दाखवायचा असता तर एक धक्का पुरेसा होता, रस्त्यात दोन माणसांचा लागतो तसा.

आणि अजून एक, जे फार लोक बोलत नाहीत. फ्रँकचा चेहरा कुणाचा आहे? ब्लॅक जॅक रँडलचा, जेमीच्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्याचा. दोन्ही भूमिका टोबियस मेन्झीसच्याच. जेमीच्या पाठीवर चाबकाने कातडं सोलणारा, तुरुंगात त्याचे हाल करणारा, त्या माणसाचा चेहरा अंधारात अचानक समोर येतो, हातभर अंतरावर, आणि 25 वर्षांचा जिवंत जेमी शांतपणे बाजूने निघून जाईल? शक्यच नाही. हात खंजिराकडे गेला असता. तो जातो, कारण त्याला फ्रँकशी काही घेणंदेणंच उरलेलं नाही.

(दृश्य: कलोडनचं माळरान, फ्रेझरांचा दगड)

हे कलोडन. 16 एप्रिल 1746, हायलँडरांची सरकारी फौजेशी लढाई इथे तासाभरात संपली. मालिकेप्रमाणे जेमीचा जन्म 1 मे 1721 चा, म्हणजे त्या दिवशी तो 25 ला पंधराएक दिवस कमी. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तो इथे प्रेतांमध्ये पडलेला असतो, अंगावर ब्लॅक जॅकचं प्रेत, रक्त चाललंय, शुद्ध जातेय-येतेय, आणि त्याला माळावरून चालत येणारी क्लेअर दिसते. इथून इन्व्हर्नेस साधारण आठ किलोमीटर. आम्हाला वाटतं तो तेव्हाच निघाला. शरीर इथेच पडून राहिलं, ते जगलं, म्हातारं झालं, ती वेगळी गोष्ट. पण त्या रात्री त्याच्यातलं काहीतरी उठून तिला शोधायला गेलं आणि दोनशे वर्षं पुढे एका उजेड असलेल्या खिडकीखाली जाऊन थांबलं.

(या दगडापाशी येणाऱ्या चाहत्यांच्या गर्दीने गवत तुडवलं गेलं आणि दगडाभोवती कुंपण घालावं लागलं, ही खऱ्या सैनिकांची सामुदायिक कबर आहे, एवढं लक्षात ठेवा.)

(दृश्य: फॉकलंड, हॉटेलचा दरवाजा)

आणि खुलासा तर पहिल्या एपिसोडमध्येच, उघड्यावर ठेवलेला होता. क्लेअर आणि फ्रँक गावात शिरतात तेव्हा दारांवर रक्त लावलेलं असतं. सॉवेनचे दिवस असतात, म्हणजे ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागतो ती वेळ, आणि सणाच्या दिवसांत भुतं मोकळी सुटतात हे तिथल्या तिथे सांगितलं जातं. कादंबरीत हाच प्रसंग बेल्टेनला, मेच्या तोंडावर घडतो, म्हणजे जेमीच्या वाढदिवसाच्या आसपास. मालिकेने तो उचलून भुतांच्या सणावर आणून ठेवला. आपण ते रक्त बघितलं, वाक्य ऐकलं आणि पुढच्या दहा मिनिटांत विसरून गेलो.

(दृश्य: खिडकी, खालून, जवळ जवळ जात)

फ्रँक वर जातो आणि क्लेअरला विचारतो, युद्धात तू नर्स होतीस, तेव्हा कुणी स्कॉटिश जवान तुझ्या ओळखीचा होता का. तिला राग येतो, बोलणं तुटतं, दिवे गेलेले असतात. त्या सगळ्या सीनमध्ये ती एकदाही खिडकीशी येऊन खाली बघत नाही.