पहिल्या एकट्या रात्रीपर्यंत

(वॉर्ड सांभाळणाऱ्या परिसेविका, पाठ्यनिर्देशिका आणि रुग्णालय व्यवस्थापकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘नव्या परिचारिका आणि प्रसाविकांसाठी बारा महिन्यांचा आधार कार्यक्रम’. बारा महिन्यांचा आराखडा देणार आहे, कबूल केलंय. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेऊ द्या. ती पटली नाही तर आराखडा भिंतीवर लावण्यापुरताच उरेल. गोष्ट ड्युटी लिस्टची आहे.

नवी सिस्टर रुजू होते. पहिले दोन दिवस सभागृहात. आगीपासून बचाव, कचऱ्याची पिवळी-लाल-निळी-पांढरी बादली, हात धुण्याच्या पायऱ्या, रजेचे नियम, गणवेश, हजेरीचं यंत्र. जाड फाइल मिळते, चहा-बिस्कीट मिळतं, फोटो निघतो. तिसऱ्या दिवशी वॉर्ड. ड्युटी लिस्टवर तिचं नाव चढलेलं असतं आणि ते एक पूर्ण माणूस म्हणून मोजलेलं असतं. माझी सगळी तक्रार या मोजण्याशी आहे. फाइलला माझा विरोध नाही. बादल्यांचे रंग शिकवायलाच हवेत. पण लिस्ट लिहिताना जिला पूर्ण धरलं, तिला शिकवायला वॉर्डात कुणाकडेच वेळ उरत नाही, कारण कागदावर शिकवण्यासारखं कुणी उरलेलंच नसतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही प्रत्येकीला प्रीसेप्टर, म्हणजे सोबत राहून शिकवणारी सिस्टर, देतो. देतो म्हणजे काय करतो? एका जुन्या सिस्टरला सांगतो, “हिच्याकडे जरा लक्ष ठेव.” त्या सिस्टरकडे स्वतःचे रुग्ण तेवढेच असतात. सकाळी दहाला राउंड, दोन डिस्चार्ज, एक ऑपरेशनला जायचा, फार्मसीचा इंडेंट बाकी. ती लक्ष ठेवणार कधी? नवी मुलगी तिच्या मागे मागे पळते, तिला अडथळा होऊ नये म्हणून बाजूला होते आणि आठवड्यात विचारणंच सोडून देते. सांगा, हात वर करा, किती वॉर्डांत हे चित्र वेगळं आहे? बरं, पाच. त्या पाच जणींनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा, तुमच्याकडून शिकायचंय. (हशा)

आता साधं गणित. सकाळच्या पाळीला सहा सिस्टर, तीस रुग्ण. नवी सिस्टर सहावी. प्रत्येकीला पाच. हे आजचं गणित. आता प्रीसेप्टर आणि नवी मिळून दहाऐवजी सहा रुग्ण घेतील असं लिहा. उरले चोवीस, उरल्या चौघी, प्रत्येकीला सहा. म्हणजे चार आठवडे चौघींनी एकेक रुग्ण जास्त घ्यायचा. एवढीच किंमत. पण ती आधी उघड सांगून, लिस्टवर लिहून घ्यायची. न सांगता घेतली की वॉर्ड ती नव्या मुलीकडून वसूल करतो, टोमण्यांतून. आणि व्यवस्थापनाला शक्य असेल तिथे ही किंमत वॉर्डावर न टाकता पहिले चार आठवडे तिला संख्येच्या बाहेर धरा. एका वॉर्डात एका वेळी दोनपेक्षा जास्त नव्या नकोत. भरतीची पूर्ण तुकडी एकाच दिवशी रुजू करून एकाच मजल्यावर ओतली तर प्रीसेप्टर आणायच्या कुठून?

प्रीसेप्टर कुणाला करायचं, हाही मुद्दा याच गणितातला. आपण सगळ्यात ज्येष्ठ सिस्टर निवडतो. मला दोन ते पाच वर्षं झालेली मुलगी जास्त बरी वाटते. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेनं १९८४ साली नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यात तिसरी, ‘सक्षम’ ही पायरी साधारण दोन-तीन वर्षं तेच काम केल्यावर येते. या पायरीवरच्या सिस्टरला अजून पायऱ्या आठवतात. तज्ज्ञ सिस्टर दारातून रुग्णाकडे पाहून म्हणते, “हा बरा दिसत नाही,” आणि तिचं बरोबर असतं, पण कशावरून ते तिला तुकडे करून सांगता येत नाही. तिला दुसरं काम द्या, अडचणीला हाक मारायचं. रोज शेजारी उभं राहायचं काम सक्षम सिस्टरचं.

हे सगळं कुठे फुटतं ते पाहू. फुटतं ओव्हरमध्ये, म्हणजे एक पाळी दुसऱ्या पाळीकडे रुग्ण सोपवते तेव्हा. रात्री आठचा ओव्हर डोळ्यांपुढे आणा. इव्हिनिंगची सिस्टर दिवसभर उभी आहे, तिची बस आहे. ती खाटांवरून चालत बोलते, “बारा स्टेबल. तेरा सकाळी एनबीएम (उपाशी ठेवायचा). चौदाचं युरिन बघ. पंधराचं सलाईन बदलायचंय.” नवी सिस्टर चिठ्ठीवर लिहिते, “१४ – युरिन.” चौदा नंबरचं काल आतड्याचं ऑपरेशन झालंय, वजन साठ किलो. सकाळी सहाला ती पिशवी रिकामी करते, दीडशे मिली भरतं, ती चार्टवर प्रामाणिकपणे १५० लिहिते. दहा तासांत दीडशे म्हणजे तासाला पंधरा. प्रौढ माणसाला किलोमागे तासाला निदान अर्धा मिली हवा, म्हणजे या माणसाला तीस. अर्ध्यावर आलाय आणि रात्रभर कुणालाच कळलेलं नाही.

तिला हा आकडा येत नव्हता का? परीक्षेत विचारला असता तर लिहिला असता. तिला तीन गोष्टी कुणी दिल्या नव्हत्या. ‘बघ’ म्हणजे किती वेळानं बघायचं. कोणत्या आकड्याला थांबून हाक मारायची. आणि हाक कुणाला, कोणत्या शब्दांत. म्हणून नव्या सिस्टरला ओव्हर देताना वाक्य असं हवं, “चौदाचं युरिन दर तासाला मोज, लागोपाठ दोन तास तीसच्या खाली आलं तर डॉक्टरांना फोन कर.” जुन्या सिस्टरला हे वाक्य म्हणायला सहा सेकंद जास्त लागतात. शिवाय ओव्हर खाटेशी घ्यायचा, टेबलाशी बसून नाही. पिशवी, सलाईनचा वेग, कॅन्युलाची जागा, ड्रेसिंग, चारही दोघींनी एकत्र पाहायचं.

आणि फोन. रात्री दोनला नवी मुलगी फोन करते, “सर, चौदाचं युरिन कमी आहे.” पलीकडून उत्तर येतं, “बघतो.” संपलं. तेच असं म्हणायचं, “सर, पुरुष सर्जिकलमधून स्टाफ नर्स बोलतेय. चौदा नंबर, काल आतड्याचं ऑपरेशन. गेल्या दोन तासांत युरिन तीस मिली, नाडी ११८, बीपी ९६/६०. मला वाटतं पाणी कमी पडतंय किंवा रक्त जातंय. तुम्ही येऊन पाहा. तोवर काय सुरू करू?” परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी. सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन, यांची आद्याक्षरं घेऊन एसबीएआर म्हणतात ते हेच, मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतलं. तक्ता फोनशेजारी चिकटवलेला असतो, पण तक्ता वाचून कुणी बोलायला शिकत नाही. पहिल्या महिन्यात प्रीसेप्टरनं रोज एक फोन तिच्याकडून करवून घ्यायचा, दिवसा, साध्या कारणासाठी, शेजारी उभं राहून. ‘माझा अंदाज’ हा भाग मुली गाळतात. लहानपणापासून डॉक्टरांपुढे अंदाज सांगायचा नाही हेच शिकवलंय त्यांना. तो भाग मुद्दाम म्हणवून घ्या.

औषधांचं एकच उदाहरण घेते, इन्सुलिनचं. आपल्याकडे कुपी मिलीला ४० युनिटची असते आणि १०० युनिटचीही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. समजा कुपी १०० ची आणि हातात लाल सिरिंज. दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर पाव मिली येतं, म्हणजे पंचवीस युनिट. दहा द्यायचे होते. पहाटे साखर घसरणार. उलट ४० ची कुपी आणि नारिंगी सिरिंज, तर दहाच्या रेघेला चारच युनिट. कॉलेजच्या वॉर्डात तिनं एकच प्रकार पाहिलेला असू शकतो, तुमच्या फ्रिजमध्ये दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत. तिच्या पहिल्या आठवड्याच्या यादीत ‘औषधांची सुरक्षितता’ असा गोल शब्द नको. ‘आपल्या फ्रिजमधली कुपी आणि आपल्या ट्रेमधली सिरिंज जुळवून दाखवली’ असं लिहा आणि पुढे दोन सह्या.

प्रसाविकांकडे वळते. २०१८ साली केंद्र सरकारनं मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरीचं अठरा महिन्यांचं प्रशिक्षण आणलं. चांगलं झालं. पण शिकून आलेली मुलगी लेबर रूममध्ये पहिली रात्र कशी काढते, हा प्रश्न शेवटी रुग्णालयाचाच. तिथे गोंधळ कागदापासून सुरू होतो. कॉलेजात ती पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचा तक्ता, गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्यापासून भरायला शिकली, अलर्ट रेषा, अॅक्शन रेषा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा लेबर केअर गाइड पाच सेंटिमीटरपासून सुरू होतो आणि त्यात त्या रेषाच नाहीत. तुमच्या टेबलावर कोणता कागद आहे ते पहिल्या दिवशी सांगा. नाहीतर ती जुन्या सवयीनं नवा कागद भरेल.

आता मॅग्नेशियम सल्फेट. रात्री अडीचला गरोदरपणात बीपी वाढून झटका आलेली बाई येते. पहिला डोस चौदा ग्रॅम. आपल्याकडचा अँप्यूल पन्नास टक्क्यांचा, दोन मिलीचा, एक ग्रॅमचा. म्हणजे चौदा अँप्यूल. त्यातले चार, म्हणजे आठ मिली, त्यात बारा मिली सलाईन, असे वीस मिली, शिरेतून पाच ते दहा मिनिटांत हळू. उरलेले दहा, प्रत्येक कुल्ल्यात पाच, खोल स्नायूत. नव्या मुलीचे हात थरथरत असताना चौदा अँप्यूल फोडायला किती वेळ लागतो, कुणी घड्याळ लावून पाहिलंय? मुदत संपलेले अँप्यूल टाकून देण्याआधी बाजूला ठेवा, दुपारच्या शांत तासात तिला फोडायला, ओढायला आणि वीस मिली करायला लावा. ते वेगळ्या डब्यात, मोठ्या अक्षरांत खूण करून, ट्रेपासून लांब. मग ट्रे तपासायला सांगा. बहुतेक वेळा काय सापडतं? अँप्यूल सहा. सुई आखूड, जिनं औषध चरबीतच राहील. आणि कॅल्शियम ग्लुकोनेट, उतारा, दहा टक्क्यांचा दहा मिली, दुसऱ्या खोलीच्या कपाटात कुलपात. पुढचा डोस चार तासांनी पाच ग्रॅम, तोही तीन गोष्टी पाहून. गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळा किंवा जास्त आहे का, युरिन तासाला तीस आहे का. यातली एक जरी नसली तरी डोस थांबवायचा आणि हाक मारायची. ‘थांबवायचा अधिकार तुला आहे’ हे परिसेविकेनं तिला तोंडानं सांगितलं पाहिजे. स्वतःहून ती ते धरून चालत नाही.

आणखी एक बोलते आणि आराखड्याकडे येते. दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडला की रिलिव्हर म्हणून कुणाला पाठवतो आपण? नवीला. तिचं कुणी अडत नाही म्हणून. जिला स्वतःच्या वॉर्डातली क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या उपचारांची ट्रॉली, अजून नीट माहीत नाही, तिला परक्या वॉर्डात. पहिले सहा महिने हे बंद. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं हाही आधार कार्यक्रम नव्हे. त्यानं मुलगी थांबते, शिकत नाही.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. भराभर सांगते, लिहून घ्या.

आठवडा पहिला आणि दुसरा. संख्येच्या बाहेर. फक्त मॉर्निंग, प्रीसेप्टरची पाळी तीच तिची पाळी, प्रीसेप्टरचा ऑफ तोच तिचा ऑफ. क्रॅश कार्टचा प्रत्येक कप्पा स्वतः उघडून पुन्हा लावायचा. ऑक्सिजनचा सिलिंडर बदलून दाखवायचा. सक्शन चालू करून दाखवायचं.

तिसरा आणि चौथा. दोन रुग्ण तिचे, मग तीन. ओव्हर ती देईल, प्रीसेप्टर ऐकेल.

पाचवा ते आठवा. पूर्ण रुग्ण, मॉर्निंग आणि इव्हिनिंग. प्रीसेप्टर त्याच पाळीत, पण आता तिचे रुग्ण वेगळे.

रात्र नवव्या आठवड्यापासून. पहिल्या चार रात्री प्रीसेप्टरबरोबर. त्यानंतर एकटी, पण कुणाला फोन करायचा त्या माणसाचं नाव त्या रात्रीच्या लिस्टवर लिहिलेलं हवं. ‘ऑन कॉल’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही. लेबर रूममध्ये आठवडे मोजू नका. दाखल करण्यापासून बाळंतपणानंतरच्या दोन तासांपर्यंत, दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय आणि रक्तस्राव पाहणं धरून, तिनं पूर्ण सांभाळलेल्या आणि प्रीसेप्टरनं सही केलेल्या केसेस मोजा. किती हव्यात हे तुमच्या प्रमुख डॉक्टरांबरोबर बसून ठरवा आणि लिहा.

भेटी दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. वीस मिनिटं, ड्युटीच्या वेळेत, सुट्टीच्या दिवशी बोलावून नाही. मार्लिन क्रॅमर यांनी १९७४ साली ‘वास्तवाचा धक्का’ म्हणून जे मांडलं त्यात सुरुवातीला मधुचंद्र असतो, धक्का नंतर येतो. म्हणून पहिल्या महिन्यात ती हसते आहे यावर जाऊ नका, तिसऱ्या महिन्याची भेट चुकवू नका. प्रीसेप्टरनं तिचा गोपनीय अहवाल लिहायचा नाही, तो परिसेविकेचा. नाहीतर चूक झाली की ती प्रीसेप्टरलाच सांगणार नाही.

पहिला मृत्यू. चोवीस तासांच्या आत कुणीतरी दहा मिनिटं तिच्याशी बोलायचं. काय झालं, तू काय केलंस, नातेवाईक काय म्हणाले. पुढची पाळी त्याच खाटेशी नको.

सहा महिन्यांनी दुसरा वॉर्ड, दोन आठवडे पुन्हा प्रीसेप्टर. कार्यक्रम चालतोय का ते दोन आकड्यांवरून पाहा. वर्षाच्या आत किती जणी गेल्या आणि ‘चूक होता होता राहिली’ अशा नोंदी किती आल्या. दुसरा आकडा सुरुवातीला वाढेल, वाढू द्या, त्यावरून कुणाला मेमो काढू नका.

आणि सहाव्या आठवड्याच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न हा ठेवा, ‘गेल्या महिन्यात कुणाला तरी हाक मारावीशी वाटली आणि मारली नाही, असं कधी झालं?’ त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडा. ते उत्तर परिसेविकेनं त्याच दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवसाची ड्युटी लिस्ट ते वाचून झाल्यावर लिहायची.