प्लॉट 5 गुंठ्यांचाच, मग फ्लॅट निम्मे का?

नमस्कार. नाशिकमधले 5 गुंठ्यांचे, म्हणजे साधारण 500 चौरस मीटरचे दोन प्लॉट घेऊ. दोन्ही निवासी झोनमध्ये. एकासमोर साडेसात मीटरचा कॉलनी रस्ता, दुसऱ्यासमोर 9 मीटरचा. पहिल्यावर जेमतेम 8 फ्लॅट, दुसऱ्यावर 16. फरक फक्त रस्त्याचा.

डिसेंबर 2020 पासून इथे यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रिकृत नियमावली लागू आहे. गावठाणाची दाट वस्ती सोडली तर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, 1.10. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असला, की तेवढ्यावरच थांबायचं. 9 मीटर भरला, की 0.50 जादा एफएसआय प्रीमियम, म्हणजे शुल्क भरून आणि 0.40 टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरणीय बांधकाम हक्क विकत घेऊन एकूण 2.00 पर्यंत जाता येतं. 12 मीटरला 2.25, 15 ला 2.50, 24 ला 2.75 आणि 30 मीटरपासून पुढे 3.00.

शिवाय जिना, लिफ्ट, बाल्कनीसाठी 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय, तोही पैसे भरूनच. आता हिशेब बघा: 500 गुणिले 1.10 गुणिले 1.6 म्हणजे 880 चौरस मीटर. दुसरीकडे 1600. जिन्यासकट फ्लॅटमागे 100 चौरस मीटर धरा. वाढलेले फ्लॅट फुकट येत नाहीत. प्रीमियम आणि टीडीआरचा खर्च शेवटी घर घेणाऱ्याच्याच किमतीत येतो.

नियमामागचं कारण रास्त आहे. अग्निशमनाचा बंब आत शिरला पाहिजे, ड्रेनेजने भार पेलला पाहिजे. पण जुन्या कॉलन्यांचे ले-आउटच 6 आणि साडेसात मीटर रस्त्यांचे, त्यामुळे भरवस्तीत नवी घरं अडतात. नाशिकचा कपाटांचा प्रश्न आठवतोय? एफएसआयमध्ये न मोजलेली कपाटाची जागा बिल्डरांनी खोलीत घेतली, एफएसआय ओलांडला, आणि रस्ता अरुंद म्हणून टीडीआर घालून तो नियमित करता येईना. पूर्णत्वाचे दाखले रखडले. शेवटी महापालिका अधिनियमाच्या कलम 210 नुसार रुंदीकरणाची रेषा आखून जागा सोडण्याचा मार्ग निघाला. साडेसातचा 9 करायला दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर लागतो. 20 मीटर दर्शनी बाजू असेल तर 15 चौरस मीटर!

कागदावर 2.00 मिळाला तरी तो पूर्ण वापरता येईलच असं नाही. उंची वाढली की बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा वाढते, गाड्यांना जागा सोडावी लागते, आणि छोट्या प्लॉटवर इमारत आखडते. शेजारचे दोन प्लॉट एकत्र केले तर हीच अडचण बरीच हलकी होते.

म्हणून प्लॉटचा किंवा पुनर्विकासाचा व्यवहार ठरवण्याआधी राजीव गांधी भवनातल्या, म्हणजे महापालिका मुख्यालयातल्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. मंजूर ले-आउटमधली रस्त्याची रुंदी बघा, मग जागेवर टेप लावा. दोन आकडे जुळले नाहीत, तर टोकन देऊ नका.