घड्याळ बिल्डच्या बाहेर ठेवा

[पडद्यावर शेजारी शेजारी दोन टर्मिनल. दोन्हीकडे बिल्ड चालू.]

बिल्ड म्हणजे माणसाने लिहिलेल्या सोर्स कोडपासून चालवता येणारा प्रोग्रॅम तयार करणं. सोर्स कोड तोच. हे रूपांतर करणारा कंपायलर तोच, त्याची आवृत्तीही तीच. तरी दोन मशीनवर तयार झालेल्या फाइलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, जुळत नाहीत.

फरक नेमका कुठे आहे, ते दाखवायला डिफोस्कोप नावाचं साधन आहे. ते पॅकेज उकलतं, त्यातलं आर्काइव्ह उकलतं, आतल्या फाइली एकमेकींशी ताडून पाहतं. आणि कितीदा तरी शेवटी बोट ठेवतं ते एका तारखेवर.

ही तारीख आत शिरायला वाटा पुष्कळ. सी भाषेतले डेट आणि टाइम हे मॅक्रो, म्हणजे कंपायलर स्वतः भरतो ते शब्द, कंपाइल होतानाची वेळ थेट बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलीत, लिहितात. फाइली आकुंचित करणाऱ्या जीझिपच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या भागात, वेळेसाठी चार बाइट राखीव असतात. अनेक फाइलींचं एक गाठोडं करणारं टार प्रत्येक फाइलीसोबत तिची बदलाची वेळ बांधून देतं. बिल्ड कधी झालं ते कळावं, एवढाच साधा हेतू. पण त्यापायी हातून जातं फार मोलाचं काही. डाउनलोड केलेली बायनरी याच कोडमधून निघाली, मधे कुणी काही घुसवलं नाही, हे स्वतः बिल्ड करून पडताळता येत नाही.

माझ्या मते बायनरीत तारीख लिहूच नये. लिहायचीच असेल, तर ती कोडची असावी, मशीनची नको.

[पडद्यावर फक्त एक आकडा: १७०००००००० ]

रिप्रोड्युसिबल बिल्ड्स प्रकल्पातून पुढे आलेला सोर्स-डेट-इपॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे बिल्डच्या साधनांना बाहेरून दिलेलं एक मूल्य, नेमकं हेच करतो. १ जानेवारी १९७०, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र. तिथपासून मोजलेले सेकंद, पडद्यावरच्या आकड्यासारखे. डेबियन या लिनक्स प्रणालीत हा आकडा चेंजलॉगच्या, म्हणजे बदलांच्या यादीच्या, ताज्या नोंदीतून येतो; कोडचे बदल गिटमध्ये नोंदवत असाल तर शेवटच्या कमिटमधून, म्हणजे शेवटच्या नोंदीतून, घेता येतो. जीसीसी हा कंपायलर सातव्या आवृत्तीपासून तो मानतो. टारला सांगता येतं, की याच्या पुढची वेळ दिसली तर मागे ओढ, जुन्या वेळांना हात लावू नकोस.

इथे बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात, आणि टाइमझोन राहून जातो.

पडद्यावरचा आकडा पुन्हा बघा. यूटीसीमध्ये तो १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे २२:१३:२०. यूटीसीच्या चौदा तास पुढे असलेल्या मशीनवर १५ नोव्हेंबरची दुपार. बारा तास मागे असलेल्या मशीनवर १४ तारखेची सकाळ. सेकंद तेच, पण मजकूर तीन. कोडमध्ये मशीनची स्थानिक वेळ देणाऱ्या लोकलटाइम फंक्शनऐवजी यूटीसी देणारं जीएमटाइम वापरलं, की हा घोळ मिटतो.

झिपचं दुखणं जरा वेगळं. त्याच्या मूळ नोंदीत वेळ स्थानिक असते, टाइमझोन लिहिलेलाच नसतो. वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत, आणि सुरुवात १९८० पासून. म्हणून व्हेरिएबलमध्ये शून्य टाकून मोकळं होणारा झिपपाशी अडकतो. शिवाय वेळ स्थानिक असल्यामुळे तिथे बिल्डचा टाइमझोनच यूटीसी करून ठेवावा लागतो.

[दोन मशीन. दोन वेगळी कॅलेंडरं.]

डेबियनच्या चाचण्यांत एकच पॅकेज दोनदा बिल्ड करायची पद्धत आहे. दुसऱ्या खेपेला मशीनचं घड्याळ ३९८ दिवस पुढे. म्हणजे वर्ष, महिना, तारीख, सगळंच वेगळं. दोन खेपांच्या टाइमझोनमध्ये २६ तासांचं अंतर, म्हणजे कुठल्याही क्षणी दोन्हीकडची तारीख वेगळीच असणार. अशा दोन घड्याळांखाली बनलेल्या फाइली बाइटगणिक सारख्या निघाल्या, तरच ते पॅकेज पास. एक बाइट जरी हलला, तरी पुन्हा डिफोस्कोप.