आमच्या गावची पासोडी

हे जे कापड दिसतंय ना, शाळेच्या लायब्ररीच्या कपाटापासून निघून दारावरून पार खिडकीपर्यंत गेलंय, हे सगळं पोरांनी लिहिलंय. एक पुस्तक वाचून झालं की एक ओळ लिहायची, स्वतःच्या शब्दात, खाली नाव. एवढाच नियम.

हे सुचलं कुठून तर अंबाजोगाईत. बीड जिल्ह्यातलीच शाळा, सहल जवळच संतकवी दासोपंतांच्या समाधीला गेली होती आणि तिथं लेकरांना पासोडी, म्हणजे त्यांनी लिहिलेलं जाडंभरडं कापड, कळली. दासोपंत म्हणजे 1551 ते 1615 चा काळ, त्यांनी पंचीकरण हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ चक्क कापडावर लिहिला, जवळपास 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद. येताना गाडीत एका पोरीनं लायब्ररीच्या मॅडमला विचारलं, मॅडम आपली किती फूट होईल? झालं, मांजरपाट आणलं, शिंप्याकडून तुकडे जोडून घेतले आणि 15 ऑक्टोबरला, कलाम सरांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो त्या दिवशी, पहिली ओळ पडली. वर्षात 40 फूट गाठायचे.

आधी इथं कोण जास्त पुस्तकं वाचतंय अशी स्पर्धा असायची. त्यात पोरं वाचत नाहीत, पातळ पुस्तकं शोधतात, हे मी स्वतः बघितलंय. ओळ लिहायची म्हटल्यावर मात्र वाचावंच लागतं. आता ऑफ तासाला आठवीची पोरं पाचवीच्यांना वाचून दाखवायलेत, तेही कुणी न सांगता.

पण खरी अडचण दिवाळीनंतर, आई-बाप ऊसतोडीला जातात तेव्हा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, टोळ्या निघतात पश्चिम महाराष्ट्राकडं, काही कर्नाटकात, ते थेट पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत. घरी आजी असली किंवा हंगामी वसतिगृहात सोय झाली तर लेकरू मागं राहतं, नाहीतर ते पण फडावर, ऊस तोडायच्या रानात. आणि लायब्ररीचा नियम काय, तर पुस्तक सात दिवसांत परत. म्हणजे ज्याला पुस्तकाची जास्त गरज त्यालाच पाच महिने काही नाही.

मॅडमच्या कपाटावर ग्रंथालयशास्त्रातले मोठे नाव, रंगनाथन, यांच्या पाच नियमांतला दुसरा लिहिलेला आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. 1931 सालचा नियम. मॅडम म्हणाल्या, मग वाचक कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, असला तर पुस्तकानं कोपीत जायला पाहिजे. जाणाऱ्या प्रत्येक लेकराला पाच पुस्तकं दिली. देवघेव रजिस्टरचं हे पान बघा, परतीच्या तारखेचा रकाना आहे, तिथं तारीख नाही, प्रत्येक नावापुढं निळ्या पेनानं लिहिलंय, 'पट्टा पडल्यावर'. एका रजिस्टरातलं एवढं चांगलं पान मी तरी आजवर बघितलं नाही.

एप्रिलमधे टोळ्या परतल्या. सहावीतला एक पोरगा तीन दिवस शाळेत येऊन लायब्ररीच्या दारातूनच माघारी जायचा. चौथ्या दिवशी मॅडमनीच हाक मारली, आत ये की रे, बाहेर काय उभा राहायलास? त्याच्या हातात खताच्या गोणीत गुंडाळलेली चार पुस्तकं. एकाची दोन पानं उसाच्या रसानं चिकटलेली, ती उघडताना टर्र आवाज आला. पाचवं फड बदलताना कुठंतरी राहिलं.

मॅडम, भरून द्यावं लागंल का?

मॅडमनी विचारलं, बाकीची चार वाचली का.

दोन-दोन येळा. कोपीत सगळ्यांला वाचून दाखवली, बॅटरी लावून.

मॅडमनी त्याला पेन दिलं. कापडापाशी गेला, गुडघ्यावर बसून चार ओळी लिहिल्या, जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश. मग पेन तसंच हातात धरून मागं वळला आणि म्हणाला,

मॅडम, ते हरवायच्या आधी वाचलं होतं. त्याची बी लिहू का?